किती जवळ येऊ द्यायचं

पक्षी बघायला जाताना कुत्रा बरोबर नेऊ नये, हे कुठलाही जुना पक्षीनिरीक्षक पहिल्याच दिवशी बजावतो. भडक कपडे नकोत, अत्तर नको, गप्पा नकोत आणि कुत्रा तर नकोच नको. सल्ला अगदी बरोबर आहे. कुत्रा बरोबर असला की पक्षी कमी दिसतात, दिसतात ते लांबून दिसतात, आणि जमिनीवर वावरणारे तर उडून जातानाची पाठच तेवढी दाखवतात. हे सगळं मान्य करूनही कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ, वाघजाईच्या देवळाच्या बाजूने मी सकाळी डोंगर चढायला लागतो तेव्हा हातात बऱ्याचदा ठकीचा पट्टा असतो. ठकी आमची गावठी कुत्री. रंग वाळल्या गवताचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि स्वभाव सरळ चालण्याच्या विरुद्ध.

तिच्यामुळे पक्षी कमी दिसतात हे खरं. पण पक्षी आपल्याकडे कसे बघतात, हे मला तिच्यामुळे दिसायला लागलं. एकटा माणूस दुर्बीण गळ्यात अडकवून निघाला की बघण्याचं काम एकटे आपणच करतोय असा त्याचा समज असतो. वास्तविक डोंगरावर पाऊल ठेवल्यापासून त्याच्यावर नजरा असतात. आपण ज्याला पक्षीनिरीक्षण म्हणतो, ते पक्ष्यांनी आधी केलेल्या आपल्या निरीक्षणाचं उरलंसुरलं असतं. त्यांनी ठरवलेलं असतं की हा प्राणी इथवर चालेल, याच्या पुढे नको. आपल्याला जे काही दिसतं ते त्या ‘इथवर’च्या आत बसणारं असतं.

हा डोंगर म्हणजे भुलेश्वर रांगेचा एक तुकडा. सिंहगडाकडून निघालेली ही सोंड कात्रजवरून पूर्वेला भुलेश्वरापर्यंत जाते. पुण्यातली पोरं पावसाळ्याच्या आगेमागे रात्रभर चालून कात्रज ते सिंहगड करतात. वाटेत टेकड्या किती, यावर एकमत नाही. आकडा बहुधा पाय किती दुखतात त्यावर ठरत असावा. आम्ही सकाळचे लोक पहिल्या दोन-तीन टेकड्या करून परत फिरतो. उतारांवर गवत, मधे मधे वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प (त्यात पक्षी बेताचेच), बोरी, खैर, आणि ओघळांमध्ये पळस-पांगारे. माथ्यांवर मुरमाड सपाट्या. नवख्या माणसाला या सपाट्या ओसाड वाटतात. चंडोल, तीरचिमण्या, टिटव्या, तित्तिर, लावे आणि रातवे यांचं मात्र घरदार तिथेच, उघड्या जमिनीवर असतं.

आता अंतराबद्दल. आपली समजूत अशी असते की पक्ष्याने आपल्याला पाहिलं म्हणून तो उडाला. तसं क्वचितच होतं. पाहिलेलं त्याने फार आधी असतं. रोनाल्ड यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल या कॅनडातल्या दोघा अभ्यासकांनी 1986 मध्ये ही गोष्ट नीट मांडली. शिकारी दिसताक्षणी पळणं भक्ष्याला परवडत नाही. पळण्याला किंमत पडते. राहण्यातला धोका पळण्याच्या किमतीपेक्षा मोठा झाला की मगच ते पळतं. बंदच्या दिवशी दुकानदार शटर अर्धं ओढून गिऱ्हाईक करत बसतो. घोळका चौकात आला म्हणून नाही, आपल्या गल्लीत वळला की पूर्ण ओढतो, त्यातली गत.

सकाळी ही किंमत जास्तच असते. चिमणीएवढ्या जिवाने रात्रभर अंगातली चरबी जाळून ऊब टिकवलेली असते, पोट रिकामं असतं, आणि उजाडल्यानंतरचा पहिला तास पोट भरण्याचा. त्यात उडायचं म्हणजे खाणं सुटतं, ताकद जाते, आणि वरून शिक्रा बघत असेल तर आपण होऊन त्याच्या नजरेत यायचं. घरटं जवळ असेल तर उडण्याने त्याचीही जागा उघडी पडते. म्हणून पक्षी थांबतो, मान उंच करतो, एक डोळा आपल्याकडे ठेवून टिपत राहतो. मान किती वेळा वर येते यावरून त्याचा विचार किती पुढे गेलाय ते कळतं. ती वर गेली आणि खाली आलीच नाही, की समजावं, आता पुढचं पाऊल टाकलं तर तो जाणार.

प्रत्येक जातीचं हे अंतर वेगळं असतं. साधारणपणे मोठे पक्षी लांबूनच उठतात, लहान जवळ येऊ देतात. जागेप्रमाणेही ते बदलतं. देवळाशेजारच्या बुलबुलाला माणसांची इतकी सवय झालेली असते की चपला काढणाऱ्या भाविकाच्या डोक्यावरच्या फांदीवर तो खुशाल पंख साफ करत बसतो. तोच लालबुड्या बुलबुल तिसऱ्या टेकडीच्या बोरीवर भेटला तर शेंडा सोडून पलीकडे जातो. आणि ठकी बरोबर असली की ही सगळी अंतरं एकदम लांबतात. चंडोल मला एकट्याला ज्या दगडापर्यंत येऊ देतो, त्याच्या दुप्पट लांबून तो तिला बघून उठतो. ती भुंकत नाही, धावत नाही, पट्ट्यात असते. तिचं असणं पुरतं.

हे मला पहिल्यांदा लखलखीत दिसलं ते टिटवीच्या बाबतीत. मार्च संपत आला होता. दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर गवत सुकून भुईला टेकलं होतं. टिटवीने आम्हाला चढावरच हेरलं होतं. तिच्या पहिल्या हाका सुट्या सुट्या, चौकशीच्या होत्या. सपाटीवर पाऊल पडलं तशी जोडीतली एक उडाली आणि हाका एकमेकींना चिकटत गेल्या. मी थांबलो, ठकीला खाली बसवलं, पट्टा आखूड धरला. टिटवी माझ्यावर आलीच नाही. वर गोल घेऊन ती नेमकी ठकीच्या डोक्यावर उतरायला लागली. हातभरावर येऊन पंख फिरवायचे, वर जायचं, पुन्हा यायचं. माझं डोकं ठकीच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच होतं, वर पांढरी टोपी होती. टिटवीने ते हिशेबातच धरलं नाही. ठकी कान मागे पाडून माझ्या पायाला चिकटली.

तेवढ्यात दुसरी टिटवी जमिनीवरूनच तुरुतुरु धावत लांब गेली. तिथे थांबली, अंगाखाली काहीतरी नीट करावं तसं पोट हलवलं आणि पिसं फुगवून खाली बसली. अंडी उबवायला बसलेला पक्षी हुबेहूब तसाच बसतो. मी दुर्बीण रोखून ठेवली. जरा वेळाने ती उठली, चार पावलं पुढे गेली आणि पुन्हा तशीच बसली. दोन्ही जागी नुसता मुरूम होता. टिटवीची अंडी बहुधा चार असतात, खड्यांच्या रंगाची, निमुळती टोकं आत केलेली. ती त्या सपाटीवर कुठेतरी होतीच, पण ती शोधायला जाणं म्हणजे त्या बाईच्या सगळ्या कारभारावर पाणी ओतणं. आम्ही आल्या वाटेने उतरलो.

त्याच सपाटीवरून रोज म्हशी जातात. त्यांच्यासाठी टिटव्या आभाळ डोक्यावर घेत नाहीत. म्हैस अगदी अंड्यांवर यायला लागली तर उबवणारी टिटवी उडत नाही, तिथेच उभी राहून म्हशीच्या तोंडासमोर पंख पसरते, आणि म्हैस तोंड फिरवते. म्हशीच्या खुराखाली अंडी फुटू शकतात, पण म्हैस अंडी शोधत येत नाही. कुत्रा शोधत येतो. दोन धोके, दोन वेगळे उपाय. डोळ्यांसमोरचा प्राणी कोणत्या कामाला आलाय, याचा विचार टिटवी करते असं म्हटलं तर शास्त्रज्ञ नाक मुरडतील. पण ती जे करते त्याला दुसरं नाव मला सापडत नाही.

नुसती टिटवीच कशाला. अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या इवल्या पक्ष्यावर 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पक्षी धोक्याच्या हाकेच्या शेवटी ‘डी-डी-डी’ करतात. शिकारी जितका घातक तितके ‘डी’ जास्त. मजा अशी की मोठ्या घुबडापेक्षा लहानशा घुबडासाठी ‘डी’ जास्त होते; कारण मोठ्या घुबडाला चिकडीच्या मागे फांद्यांमधून चपळाईने वळता येत नाही, लहान्याला येतं. म्हणजे आकार बघून नव्हे, आपल्याला कोण पकडू शकेल ते जोखून हाक ठरते. आपल्या डोंगरातली राखी वल्गुली ही याच घराण्यातली. तिच्या हाकांचा असा हिशेब मला मांडता आलेला नाही, पण ठकी झाडाखालून जाताना वल्गुली जे बडबडते ते माझ्या वाट्याला कधीच येत नाही.

हाकांवरून आणखी एक गोष्ट उलगडते. पीटर मार्लर या पक्षीध्वनींच्या अभ्यासकाने 1950च्या दशकात दाखवून दिलं होतं की पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका ढोबळमानाने दोन तऱ्हांच्या असतात. वरून ससाणा किंवा शिक्रा आला तर बारीक, उंच, हळूच सुरू होऊन हळूच संपणारी शीळ. कुठून आली ते ऐकणाऱ्याला उमगत नाही, त्यामुळे शीळ घालणारा वाचतो. जमिनीवरचा किंवा बसलेला शिकारी सापडला तर खरखरीत, तुटक, ठसक्यात सुरू होणारा कल्ला. तो कुठून येतोय ते सगळ्यांना कळावं आणि सगळ्यांनी जमावं, हाच त्याचा हेतू. मार्लरने अभ्यासले ते युरोपातले पक्षी, पण कात्रजच्या ओघळात हा फरक कानाला सहज कळतो. सातभाईंचं टोळकं ठकीला बघून बोरीवर चढतं आणि शेपट्या पाडून, एकमेकांना ढकलत, तिची यथेच्छ उणीदुणी काढतं. ठकी पुढे सरकली की टोळकं झाडाझाडाने तिच्याबरोबर सरकतं, जणू हद्दीपर्यंत सोडायला. मग मधेच एखाद दिवशी हा कल्ला चाकूने कापल्यासारखा थांबतो. कुठूनशी बारीक ‘सीऽ’ ऐकू येते. सातभाई दिसेनासे होतात. मान वर केली की शिक्रा ओघळावरून गेलेला असतो. जमिनीवरच्या शत्रूला शिव्या देता येतात, आकाशातल्या शत्रूपुढे दडावं लागतं. ठकी कोणत्या रकान्यात आहे ते तिलाही माहीत असावं. शिव्या खाताना ती शक्यतो वर बघत नाही.

या रांगेवर म्हशी चारायला येणारे एक मामा आहेत. माझा दुर्बिणीचा खटाटोप ते बरेच दिवस बघत होते. एकदा म्हणाले, “कुत्रं घिऊन कुठं तितरं बघताय? लांबनंच उठत्यात. म्हशीच्या आडनं चला, पायात येतील बघा.”

“म्हशीच्या आडून दुर्बीण कशी धरू, मामा?”

“त्ये तुमचं तुम्ही बघा.”

ठकीचा पट्टा त्यांच्या हातात देऊन मी दोन म्हशींच्या पलीकडच्या बाजूने, त्यांच्याच चालीने चालत राहिलो. तित्तिराची जोडी वाळलेलं शेण उकरत होती. मी इतका जवळ पोचलो की नराच्या पायावरची आर दिसली, पिवळट गळ्याभोवतीची काळी किनार दिसली, उकरताना उडणारा भुसा दिसला. त्यांनी मला पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. पाहिलं आणि म्हशींच्या खात्यात टाकलं, एवढंच.

मामांनी मला सांगितलं ते पारधी समाजातल्या लोकांनी केव्हाच हुन्नर म्हणून घडवलं होतं. त्यांच्यातले काही शिकारी शिकवून तयार केलेली गाय किंवा बैल पुढे घालून, तिच्या आडून हळूहळू सरकत तित्तिर-लावे आणि हरणांपर्यंत पोचायचे. त्यांच्यातल्या एका शाखेला गायपारधी हेच नाव पडलं. माणसाला बघून हरीण किती लांबून उठतं आणि गायीला बघून किती, हे ज्याला पावलांत माहीत आहे त्यालाच ही युक्ती सुचेल. इंग्रजांनी अशा जमातींना 1871च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं, स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो शिक्का पुसला गेला. शिकारीवर बंदी आली हे योग्यच झालं. पण पक्ष्याच्या मनातलं अंतर वाचण्याची जी विद्या त्यांच्याकडे होती, तिची नोंद आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकांत जवळजवळ नाही. पुस्तकं लिहिणारे बहुतेक बंदुकीच्या अंतरावरून पक्षी बघत आले, आणि नंतर दुर्बिणीच्या.

म्हणजे गाय अंतर घटवते, कुत्रा वाढवतो, आणि माणूस कुणाबरोबर आहे त्यावर माणसाचं मोल ठरतं. त्यातही माणूस काय करतोय तेही जोखलं जातं. नाकासमोर थेट चालत गेलं तर पक्षी लवकर उठतो. तिरकं, दुसरीकडेच निघाल्यासारखं चाललं तर जवळ जाऊ देतो. नजरेचंही तसंच. आपल्या भोरड्यांचे भाऊबंद असलेले युरोपातले स्टार्लिंग खाण्याकडे येताना समोरच्या माणसाचे डोळे कुठे वळलेत ते बघतात, हे 2008 मध्ये प्रयोगाने दिसून आलं. माणूस त्या खाण्याकडे रोखून बघत असेल तर ते उशिरा येतात, डोळे वळवलेले असतील तर लवकर. आता दुर्बीण लावलेला माणूस पक्ष्याला कसा दिसत असेल याचा विचार करावा. रोखलेले दोन प्रचंड डोळे. ठकी एकाच बाबतीत माझ्या उपयोगी पडते: ती दर दहा पावलांवर हुंगायला थांबते, त्यामुळे मलाही थांबावं लागतं, तिरकं व्हावं लागतं आणि खाली बघावं लागतं. पक्ष्याच्या वाटेला थेट जाणं माझ्या हातूनच होत नाही.

हुंगण्याचं प्रकरण वेगळंच आहे. ठकीला डोळ्यांपेक्षा नाकाने दिसतं. गवतात लावे दबून बसलेले असतील तर ती एक पाय उचलून, मान पुढे काढून थिजते. मला काहीही दिसत नसतं. मग पायाखालचा गवताचा ठोंब फुटावा तसे पाच-सहा लावे भुर्रकन सगळ्या दिशांना उधळतात, आणि आम्ही दोघं दचकतो. लाव्यांनी त्यांचा हिशेब वेगळा मांडलेला असतो: रंग मातीचा आहे, न हलता बसलं तर शिकारी वरून निघून जाईल, म्हणून उडायचं ते अगदी शेवटच्या क्षणी. डोळ्यांनी शोधणाऱ्यापुढे हा डाव खपतो. नाकाने शोधणाऱ्यापुढे फसतो.

नाकावरही पक्ष्यांकडे उत्तर आहे, निदान काहींकडे. पिसांना चोपडायला पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून एक मेण घेतात. उत्तर ध्रुवाकडे जमिनीवर घरटी करणारे नॉटसारखे किनारपक्षी अंडी उबवण्याच्या दिवसांत या मेणाची घडण बदलतात. नेहमीच्या मेणाऐवजी जड, हवेत कमी उडणारं मेण वापरतात. असं का, ते तपासायला नेदरलंडमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये शिकवलेल्या कुत्र्याला दोन्ही मेणं हुंगायला दिली. त्याला उबवण्याच्या दिवसांतलं मेण ओळखणं जास्त जड गेलं. कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाकाला चुकवायला पक्षी अंगाचा वासच मवाळ करतो. आपल्या लाव्यांकडे, टिटव्यांकडे असं काही आहे का, हे कुणीतरी तपासायला हवं. ठकी या कामाला हजर आहे, पगार बिस्किटांत.

इथवर हे सगळं गमतीचं वाटेल. पण पळण्याला किंमत असते असं म्हटलं, तर ती किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती आम्ही दोघं मोजत नाही. सिडनीच्या कडेच्या रानवाटांवर पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी 90 ठिकाणी पाहणी केली. ती 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. पट्ट्यात बांधलेला कुत्रा घेऊन माणूस चालून गेल्यावर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि पक्षी 41 टक्क्यांनी घटले. नुसती माणसं चालून गेली तेव्हा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी झाला. ‘त्यांना सवय होते हो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुढची ओळ महत्त्वाची: जिथे रोज कुत्री फिरवली जातात तिथे आणि जिथे कुत्र्यांना बंदी आहे तिथे, घट सारखीच होती. माणसाची सवय होते. कुत्र्याची होत नाही. सगळ्यांत जास्त फटका जमिनीवर वावरणाऱ्यांना बसतो. आणि तिथली कुत्री पट्ट्यात होती. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांची गोष्ट याहून कितीतरी वाईट आहे. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी तमीम वनक यांनी 2018 मध्ये देशभरातून जमवलेल्या माहितीत कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या 80 जाती निघाल्या, त्यांतल्या 31 आधीच संकटात असलेल्या. अभयारण्यांत पाळीव कुत्र्याला मज्जाव असतो तो उगाच नाही. कात्रजची रांग अभयारण्य नाही, म्हणून तिथल्या चंडोलाची अंडी काही कमी मोलाची होत नाहीत.

जाता जाता, डोंगरावर ठकीकडे बघून डोळे वटारणारे काही छायाचित्रकार भेटतात. त्यांचा राग मला मान्य आहे. फक्त मोबाइलवर पक्ष्याची हाक पुन्हा पुन्हा वाजवून, प्रतिस्पर्धी आलाय अशी नराची खात्री करून देऊन त्याला उघड्या फांदीवर आणणाऱ्याने तो व्यक्त करावा, याला जरा धीटपणा लागतो.

ठकीलाही कुणीतरी मोजत असतं. या रांगेत बिबट्या आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचं खाणं शोधलं, तेव्हा त्यातला वजनाने 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचाच 39 टक्के. शेळ्या-मेंढ्यांना वाडगं असतं, राखणदार असतो. कुत्रा रात्री अंगणात मोकळा. ज्या प्राण्याला बघून सगळा डोंगर हाकाटी करतो, तो बिबट्याच्या ताटातला पहिला पदार्थ आहे. उजाडता उजाडता दुसऱ्या टेकडीआधीच्या खिंडीत ठकी कधी कधी उभी राहते, पाठीवरचे केस ताठ, शेपूट खाली. मला वास येत नाही, काही ऐकू येत नाही. ती पुढे यायला तयार नसते आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. तिथून परत फिरण्याची किंमत तिने ठरवलेली असते; मला फार तर एक सकाळ कमी मिळते. अशा दिवशी आम्ही उन्हं वर येईपर्यंत देवळाच्या पारावर बसतो. वाघजाईच्या दारात वाघाच्या भावकीची भीती वाटावी, याचं तिथल्या पुजाऱ्यांना काही वाटत नाही; त्यांच्या लेखी देवी तेवढ्यासाठीच तिथे आहे.

आता होळीपासून पावसाळा सरेपर्यंत ठकी माथ्यावर येत नाही. ते महिने टिटव्या, चंडोल, रातवे यांच्या अंड्या-पिल्लांचे. तेव्हा तिला जुन्या घाटाच्या डांबरी रस्त्याने फिरवतो, जिथले बुलबुल ट्रकलाही दाद देत नाहीत, आणि सपाट्यांवर एकटाच, वाट न सोडता जातो. थंडीत मळलेल्या पायवाटेने ती बरोबर येते, आखूड पट्ट्यात. ती असताना आणि नसताना कोणता पक्षी किती पावलांवरून उठला, ते मी वहीत दोन रकान्यांत लिहितो. जवळजवळ प्रत्येक ओळीत तिच्या रकान्यातला आकडा मोठा आहे.

कोतवालाच्या ओळीत तो लहान आहे. गुरं गवतातून चालली की त्यांच्या पायांनी नाकतोडे उठतात, आणि कोतवाल गुरांच्या मागे, कधी पाठीवरही, बसून ते टिपतात. एकट्या माणसाच्या मागे यायला त्याला कारण नसतं. मी पायवाटेच्या मधोमध चालतो, माझ्या बुटांनी फारसं काही उठत नाही. ठकी पट्टा पुरेल तिथवर कडेच्या गवतात नाक खुपसत चालते. कोतवाल मग खैराच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आमच्याबरोबर येत राहतो, आणि तिच्या नाकापुढून नाकतोडा उठला की तिच्या कानाशेजारून तो घेऊन जातो.